क्रमशः! मांगा वाचणाऱ्याच्या वैतागाचा थोडा अभ्यास



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात कविता भरपूर येतात, एखादं प्रवासवर्णन तर असतंच असतं. म्हणून ह्या वेळी मी अभ्यासलेख लिहायचं ठरवलं. विषय सिलॅबसमधला नाही, पण होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात, त्यातला आहे. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मधूनमधून इंग्रजी शब्द येणार. तेवढं चालवून घ्या.

प्रश्न असा आहे. मांगा वाचणारा कोणीही घ्या, कुठल्याही ब्रँचचा. त्याची तक्रार ठरलेली असते, "अरे, स्टोरी पुढेच सरकत नाही!" आणि ह्या तक्रारीची जुळी बहीण म्हणजे, "त्या अमक्याचं पुढे काय झालं, ते सांगतच नाहीत!" पहिली तक्रार वेगाची, दुसरी अर्धवट सोडलेल्या धाग्यांची. दोन्ही तक्रारी करताना शिव्या मात्र एकाच माणसाला बसतात, म्हणजे लेखक-चित्रकाराला. त्याला त्या बसायला हव्यात का, हे मला बघायचं आहे.

ज्यांना मांगा म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचतात. बहुतेक मांगा आधी जाडजूड साप्ताहिकात किंवा मासिकात हप्त्याहप्त्याने छापून येते आणि मग आठ-दहा प्रकरणं एकत्र करून त्याचं पुस्तक निघतं, त्याला आपण खंड म्हणू. साप्ताहिकांमधलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे शुएइशा ह्या प्रकाशन संस्थेचं 'शोनेन जंप'. ते १९६८ मध्ये निघालं, आणि डिसेंबर १९९४ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या एका अंकाचा खप ६५ लाख ३० हजार प्रती होता. एका अंकाचा! आणि टीव्हीवर हलतं-बोलतं बघतो ते ॲनिमे, ती वेगळी चीज आहे.

'क्रमशः' हा प्रकार आपल्याला नवीन नाही. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी अशीच हप्त्याहप्त्याने आली होती. त्या वेळच्या वाचकानेही पुढच्या अंकाची वाट बघितलीच असेल. फरक हा, की ती कादंबरी संपली.

आता आधी मोजू, मग भांडू.

जंपमधलं एक प्रकरण साधारण १७ ते १९ पानांचं असतं. वाचायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून बघितलं, मारामारीचं प्रकरण असेल तर चार-पाच मिनिटं, डोकं लावायचं प्रकरण असेल तर दहा. सरासरी सहा मिनिटं धरू. सहा मिनिटं वाचन आणि सात दिवस वाट. आता एक खरं उदाहरण घ्या. 'वन पीस'मधला वानो देशाचा भाग. तो ९०९ व्या प्रकरणापासून १०५७ व्या प्रकरणापर्यंत चालला, म्हणजे १४९ प्रकरणं. सुरू झाला जुलै २०१८ मध्ये आणि संपला ऑगस्ट २०२२ मध्ये. चार वर्षं! म्हणजे २०१८ मध्ये फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतलेला मुलगा पास होऊन बाहेर पडला तेव्हा कुठे लुफी आणि मंडळी वानोतून बाहेर पडली. ह्या मुलाला विचारा वेग कसा वाटला ते. आणि आज जो कोणी हाच भाग एकदम वाचायला घेईल त्याला लागतील १४९ गुणिले सहा मिनिटं, म्हणजे पंधरा तास. शनिवार-रविवारचं काम. तो म्हणेल, मस्त आहे, जरा लांबलंय, पण मस्त.

पानं तीच, चित्रं तीच, वेग मात्र दोन. माझ्या मते वैतागाचा निम्मा हिशोब इथेच संपतो. मांगाला वाचनाचा एक वेग असतो आणि प्रकाशनाचा दुसरा, आणि आपण दुसऱ्या वेगात अडकून पहिल्याबद्दल बोलत असतो. म्हणून कोणी "अमकी मांगा स्लो आहे" म्हणालं की मी आधी विचारते, तू दर आठवड्याला वाचलीस की एकदम?

पण एवढ्यावर सोडता येणार नाही, कारण काही मांगा एकदम वाचल्या तरी हळू असतात. हे मुद्दाम केलेलं असतं. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या अमेरिकन चित्रकथाकाराने १९९३ मध्ये 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे पुस्तक काढलं (कॉमिक्सवरचं पुस्तक, तेही कॉमिक्सच्याच रूपात!). त्यात त्याने एका चौकटीकडून दुसऱ्या चौकटीकडे जाताना काय बदलतं ते मोजलं आहे. अमेरिकन कॉमिक्समध्ये बहुतेक वेळा एका क्रियेवरून दुसरी क्रिया होते, तो मारतो, हा पडतो. जपानी मांगात त्याला आणखी एक प्रकार बराच दिसला, ज्यात काही घडतच नाही; नुसती नजर फिरते, खिडकी, पाऊस, रिकामी खुर्ची. त्याने एक कारण असं दिलं आहे की मांगा आधी जाड अंकात येते, अंकात इतर कथाही असतात, म्हणून एकाच हप्त्यात खूप काही घडवून दाखवायचं दडपण कमी असतं. मला हे पटतं. पावसाचं एक अख्खं पान हा मांगाचा दोष नाही, ती तिची बोलण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ख्यालात पहिली दहा मिनिटं "शब्दच येत नाहीत" म्हणून कोणी उठून जात नाही (मी जाते, पण तो माझा प्रश्न).

ॲनिमेचा संथपणा मात्र वेगळा, तो सरळसरळ पाणी घालणं असतो. ज्यांनी कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झेड' बघितलं आहे त्यांना नेमेक ग्रह आठवत असेल. फ्रीझा सांगतो की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं दहाएक भाग चालतात! ॲनिमे मांगाच्या अगदी मागे येऊन ठेपायचा, पुढचं प्रकरण अजून काढलेलंच नसायचं, मग करणार काय? एकमेकांकडे बघत उभे. ह्याचं पाप तोरियामांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आता धाग्यांकडे वळू, कारण खरा लोच्या तिथे आहे.

शोनेन जंपच्या अंकासोबत वाचकांसाठी पोस्टकार्ड असायचं, ही पद्धत प्रसिद्ध आहे. वाचकाने अंकातल्या आवडलेल्या तीन कथा निवडून कळवायच्या. त्यावरून कथांचा क्रम लागतो. सतत तळाला राहणारी कथा बंद होते, आणि नव्या कथेला तर कधीकधी दहाएक आठवड्यांतच गाशा गुंडाळावा लागतो. ह्या सगळ्या यंत्रणेवर खुद्द जंपमध्येच 'बाकुमान' नावाची मांगा २००८ ते २०१२ मध्ये येऊन गेली. दोन शाळकरी मुलं मांगाकार व्हायचं ठरवतात त्याची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे, कारण डेडलाइन म्हणजे काय ते त्यात कळतं.

टी.ई.च्या मंडळींनी कंट्रोल सिस्टिम शिकली आहे. तिच्या भाषेत हा क्लोज्ड लूप आहे, आउटपुट म्हणजे प्रकरण, सेन्सर म्हणजे पोस्टकार्ड, कंट्रोलर म्हणजे संपादक. आता ह्या लूपमध्ये दोन गडबडी आहेत. पहिली, डिले. आज छापून आलेलं प्रकरण आधीच काढून झालेलं असतं आणि पोस्टकार्डं येऊन मोजली जाईपर्यंत पुढचंही कागदावर आलेलं असतं. डिले असलेल्या लूपमध्ये गेन वाढवला की सिस्टिम झोके खाते हे आपल्याला माहीत आहे (निदान पेपरात लिहितो तरी). दुसरी गडबड जास्त महत्त्वाची. सेन्सर मोजतो काय? ह्या आठवड्याचं प्रकरण आवडलं का, एवढंच. तीन वर्षांपूर्वी उघडलेलं कोडं नीट सुटलं का, हे मोजायला पोस्टकार्डावर जागा नाही.

परिणाम काय होणार? नवं रहस्य उघडायला एक चौकट पुरते, अंधारात उभा असलेला कोणीतरी, फक्त डोळे दिसतात. लगेच मतं! तेच रहस्य बंद करायला दहा प्रकरणं लागतात, आधीचं सगळं लक्षात ठेवावं लागतं, आणि त्या दहा प्रकरणांत मतं वाढतीलच ह्याची खात्री नाही. उघडणं स्वस्त, बंद करणं महाग. अशा ठिकाणी उघडे धागे साठत जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

त्यात आणखी एक अडचण. जंपमध्ये नवी कथा सुरू करणाऱ्याला ती किती लांब जाणार हेच माहीत नसतं. दहा आठवड्यांत बंद पडेल किंवा पंचवीस वर्षं चालेल. सिव्हिलवाल्यांना सांगा, पूल बांधा, पलीकडचा काठ कुठे आहे ते नंतर कळवू. एइइचिरो ओदा ह्यांनी 'वन पीस' १९९७ मध्ये सुरू केली तेव्हा साधारण पाच वर्षांचा हिशोब धरला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिचं हजारावं प्रकरण आलं.

ह्याच्या उलटही होतं. ताकेहिको इनोउए ह्यांची बास्केटबॉलवरची 'स्लॅम डंक' १९९६ मध्ये ऐन लोकप्रियतेत संपली, आणि तेही स्पर्धा पूर्ण न होता! सगळ्यात मोठा सामना होतो आणि नंतरची स्पर्धा दोन-चार ओळींत उरकली जाते. पण ज्यांनी वाचली आहे ते सांगतील, तो अर्धवटपणा टोचत नाही. कारण त्या मुलांबद्दल जे सांगायचं होतं ते त्या सामन्यात सांगून झालेलं असतं. 'ब्लीच'चं मात्र तसं नाही. २००१ ते २०१६, ६८६ प्रकरणं, ७४ खंड, आणि शेवटचं युद्ध असं काही गुंडाळलं की वाचक आजही चिडतात. कोण जिवंत, कोण मेलं, कोणाची ताकद नक्की काय होती, पत्ताच नाही. ऑक्टोबर २०२२ पासून त्या शेवटच्या भागाचा ॲनिमे येऊ लागला, तेव्हा त्यात मांगात नसलेले प्रसंग घालून काही फटी बुजवल्या गेल्या. म्हणजे फटी होत्या.

आणि हे सगळं जपानी मांगातच असं होतं असं समजू नका, म्हणणाऱ्यांनी हिरोमु आराकावा ह्यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' वाचावी. मासिकात आली, २००१ ते २०१०, १०८ प्रकरणं, २७ खंड. पहिल्या खंडात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या खंडात मिळतं आणि मधला एकही माणूस लेखिकेने विसरून ठेवलेला नाही. महिन्यातून एकदा येणं आणि आठवड्यातून एकदा येणं, ह्यातला फरक मोठा आहे. विचार करायला वेळ मिळतो.

आता ज्या मांगावरून आमच्या विंगमध्ये प्रत्यक्ष बादल्या आपटल्या गेल्या आहेत तिच्याकडे वळते. योशिहिरो तोगाशी ह्यांची 'हंटर × हंटर'.

ही १९९८ च्या मार्चमध्ये जंपमध्ये सुरू झाली. पहिल्या प्रकरणातला प्रश्न साधा आहे. गॉन नावाचा मुलगा, त्याचा बाप जिंग त्याला लहानपणीच सोडून गेला, तो बाप मोठा हंटर आहे, त्याला शोधायचं. मध्ये मध्ये खंड पडत पडत मार्च २०१२ पर्यंत ३४० प्रकरणं झाली. चौदा वर्षांत ३४०, म्हणजे वर्षाला सरासरी चोवीस. जंपचे वर्षाला अठ्ठेचाळीसच्या आसपास अंक निघतात, तेव्हा अर्ध्याच वेगाने. पुढचा हिशोब खरा मजेशीर, किंवा रडवणारा. ३४१ वं प्रकरण आलं जून २०१४ मध्ये. नंतर २०१६, २०१७, २०१८ मध्ये थोडी थोडी प्रकरणं. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३९० वर गाडी थांबली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये हलली. दहा प्रकरणं आली. पुढची दहा ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ मध्ये, ४१० पर्यंत. बेरीज करा, मार्च २०१२ ते डिसेंबर २०२४, पावणेतेरा वर्षांत ७० प्रकरणं. दर आठवड्याला आली असती तर हे काम जेमतेम दीड वर्षाचं.

बरं, ह्या ७० प्रकरणांत होतं काय? एक प्रचंड जहाज, त्यावर दोन लाख माणसं, एका राजाची चौदा मुलं-मुली आणि गादीसाठी एकमेकांना संपवण्याचा खेळ. शिवाय अंगरक्षक, गुप्त शक्ती, माफिया टोळ्या, आणि जुने शत्रूही त्याच जहाजावर. एकेका पानावर एवढा मजकूर असतो की मेकॅनिक्सचं पुस्तक बरं. जहाज निघालं आहे एका अज्ञात खंडाकडे, आणि ४१० व्या प्रकरणापर्यंत ते पोचलेलं नाही. गॉन, म्हणजे आपला नायक, ह्या सगळ्यात जवळजवळ नाहीच.

मग वाचक चिडणार नाही तर काय करणार? माझं म्हणणं, चिडावं, पण आधी एक गोष्ट तपासावी. कथेने वचन दिलेला धागा कोणता, आणि आपण मनात धरून बसलेला कोणता? गॉनला त्याचा बाप भेटला आहे. ३४० व्या प्रकरणाच्या आधीच, जगातल्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर, दोघं बसून बोलले आहेत. पहिल्या प्रकरणाने जो प्रश्न विचारला तो सुटला. कोणी तिथे पुस्तक मिटलं तर त्याच्या हातात एक पूर्ण झालेली कथा आहे, आणि चांगली आहे. जहाज हे दुसरं पुस्तक. ते अर्धवट आहे हे खरं, पण "हंटर × हंटरचा काही शेवटच नाही" असं म्हणणाऱ्याने ती झाडावरची भेट पुन्हा वाचावी.

ह्या कसोटीवर बघितलं तर काही मांगा खरंच लटकलेल्या दिसतात. आइ याझावा ह्यांची 'नाना' घ्या. एकाच नावाच्या दोन मुली, एकाच खोलीत राहतात. (होस्टेलवाल्यांनी ही वाचलीच पाहिजे, मग ते बॉइज होस्टेल असो की गर्ल्स.) ती कथा सुरुवातीपासून भविष्यातून मागे वळून सांगितली जाते, म्हणजे "पुढे काहीतरी झालं आहे" हे वाचकाला आधीच बजावलेलं आहे. आणि लेखिका आजारी पडल्यामुळे २००९ मध्ये ती थांबली, २१ खंडांवर. इथे वचन दिलेलं आहे आणि उत्तर आलेलं नाही. ह्याचं दुःख खरं आहे. त्याउलट 'व्हागाबाँड'. स्लॅम डंकवाल्या इनोउए ह्यांचीच, मुसाशी नावाच्या तलवारबाजावर, योशिकावा एइजी ह्यांच्या कादंबरीवर आधारलेली. (ती कादंबरीही १९३५ ते १९३९ मध्ये वर्तमानपत्रात क्रमशःच आली होती!) २०१५ मध्ये थांबली, ३७ खंडांवर. पण मुसाशी आणि कोजिरोच्या द्वंद्वात कोण जिंकलं हे जपानमध्ये लहान मुलालाही माहीत आहे, ते चारशे वर्षांपूर्वीच झालं. वाचक वाट बघत होता निकालाची नाही, ते पान इनोउए कसं काढतात ह्याची. ही सुद्धा एक हानी आहे, पण तिला अर्धवट कथानक म्हणता येणार नाही.

आता तो माणूस, ज्याला शिव्या बसतात.

तोगाशी व्हिडिओ गेम खेळत बसतात म्हणून मांगा येत नाही, हा विनोद जुना आहे आणि आमच्या मेसपर्यंतही पोचलेला आहे. २०२२ मध्ये ते परत आले तेव्हा त्यांनी वाचकांना स्वतःच सांगितलं की खुर्चीत बसता येत नव्हतं, म्हणून दोन वर्षं चित्रं काढता आली नाहीत. नेहमीची पद्धत सोडून दिली तेव्हा कुठे पुन्हा सुरू करता आलं. दुखणं पाठीचं आणि कंबरेचं, आणि ते आजचं नाही. 'यू यू हाकुशो' ही आधीची मांगा त्यांनी १९९४ मध्ये चालू असताना आपणहून बंद केली होती, वय तेव्हा अठ्ठावीस. आठवड्याला १९ पानं, वर्षानुवर्षं. आपण एका सबमिशनच्या आधी दोन रात्री जागून ड्रॉइंग शीट काढतो आणि मान धरून बसतो. पुढच्या आठवड्यात तेवढंच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेवढंच, असं चार वर्षं करून बघा, असिस्टंट असले तरी. डिसेंबर २०२२ मध्ये जंपनेही जाहीर केलं की ही मांगा ह्यापुढे दर आठवड्याच्या साच्यात येणार नाही. म्हणजे १९९८ पासून जे दिसत होतं ते चोवीस वर्षांनी कागदावर आलं.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या एका टीव्ही कार्यक्रमात त्यांचं पत्र वाचून दाखवलं गेलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की शेवटाचे तीन पर्याय मनात आहेत. त्याशिवाय एक चौथा, जो त्यांनी तिथेच सांगून टाकला, कथा पूर्ण व्हायच्या आधी मी मेलो तर हा शेवट समजा, म्हणून. तो शेवट काय होता ते इथे लिहीत नाही, ज्यांना हवा ते शोधतील. पण मला सांगा, आपल्या वैतागाला ह्याहून वेगळं काय उत्तर द्यायचं असतं माणसाने? तो लेखक आपल्याला म्हणतोय की धागा माझ्या लक्षात आहे, हात पोचेल का ते माहीत नाही.

इथे एक कडू गोष्ट लिहिणार आहे, माझ्या मैत्रिणी रागावल्या तरी. मघाशी जो लूप सांगितला, पोस्टकार्डाचा, त्यात आपण कुठे आहोत? कुठेच नाही. आपल्याकडून पोस्टकार्ड जात नाही. होस्टेलमध्ये बहुतेक जण जे वाचतात ते कोणीतरी स्कॅन करून फुकट टाकलेलं असतं, त्याचा एक पैसा लेखकाला मिळत नाही. खंड विकत घ्यायचा तर मेसच्या किती दिवसांचे पैसे जातात ते मलाही माहीत आहे, म्हणून मी कोणाला उपदेश करत नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये शुएइशाने 'मांगा प्लस' सुरू केलं, त्यावर चालू कथांची पहिली आणि ताजी प्रकरणं फुकट आणि कायदेशीर वाचायची सोय केली, भारतातूनसुद्धा. तरीही चोरीचीच प्रत वाचायची आणि वर "आमच्या वेळेची किंमत नाही का" म्हणून ओरडायचं, हे जरा जास्त होतं. ज्याने खंड विकत घेतले, वर्षानुवर्षं अंक घेतला, त्या जपानी वाचकाच्या तक्रारीला वजन आहे. ती तक्रार साप्ताहिकाकडे जायला हवी, ज्याने हा वेग ठरवला. लेखकाने वेग ठरवला नाही, तो वेगाखाली आला.

वेगाखाली येणं म्हणजे काय ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण 'बर्सर्क'. केंतारो मिउरा ह्यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली. साप्ताहिक नव्हती, तरी मिउरा एकेका पानावर एवढं बारीक काम करायचे की भिंग घेऊन बघावं. गट्स आणि त्याचे साथीदार जहाजात चढले ते कित्येक वर्षं उतरेनात, आणि "गट्स अजून बोटीवरच आहे" हा जगभरच्या वाचकांचा लाडका विनोद होऊन बसला. (मांगात जहाज आलं की वाचकाने सावध व्हावं, असा माझा फंडा आहे.) ६ मे २०२१ रोजी मिउरा हृदयाजवळची महाधमनी फाटून गेले. वय ५४. त्यांच्या हातचं शेवटचं, ३६४ वं प्रकरण सप्टेंबरमध्ये छापून आलं. त्या दिवसापासून बोटीचा विनोद कोणी करत नाही.

मांगा तिथेच थांबली असती. पण मिउरांचे शाळेपासूनचे मित्र कोउजी मोरी हेही मांगाकार. अनेक वर्षांपूर्वी मिउरांनी त्यांना संपूर्ण कथा शेवटपर्यंत सांगून ठेवली होती. जून २०२२ मध्ये मोरींच्या देखरेखीखाली, मिउरांच्याच असिस्टंट लोकांच्या 'स्टुडिओ गागा'कडून ती पुन्हा सुरू झाली. मोरींनी तेव्हा वाचकांना सांगितलं की मिउरा जे बोलले होते तेवढंच लिहीन, पदरचं घालणार नाही, जे नीट आठवत नाही ते लिहिणार नाही.

आमच्या विंगमध्ये ह्यावर सरळ दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, ३६४ नंतर बर्सर्क नाही, मोरी कितीही सज्जन असले तरी ओळ मिउरांची नाही, चौकट कुठे रिकामी सोडायची ते मिउरांनाच माहीत होतं. दुसरी म्हणते, धागा बंद व्हायला हवा, कोणाच्याही हाताने होवो, निदान गट्सचं काय झालं ते कळेल. पहिल्या पार्टीचं म्हणणं मला कळतं. नव्या प्रकरणांत चित्रं हुबेहूब आहेत, पण जिथे मिउरा एक पान नुसता चेहरा ठेवून थांबले असते तिथे कथा पुढे जाते. पंधरा वर्षं वाचकांनी जो वेग मागितला तो आता मिळतोय, आणि नेमका तोच खटकतो.

मी तरीही वाचते. नवीन प्रकरण आलं की रात्री लाइट गेल्यावर मोबाइलवर, आणि आधी मिउरांचं एखादं जुनं प्रकरण काढून, मग नवीन.